जांभ्याचे पाणी आणि बॉयलर: रसायनांची मात्रा कशी ठरवावी

घाटावर बॉयलर चालवायला शिकलेला माणूस गोव्यात नोकरीला आला की क्षारांच्या थराची भीती तो आपल्याबरोबर घेऊन येतो, आणि घाटावरच्या पाण्याच्या दृष्टीने ती रास्तही असते. काळ्या पाषाणातल्या बोअरचे पाणी जड असते. त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम नळ्यांवर दगडासारखे बसते, आणि म्हणून तिथल्या डोसच्या तक्त्यात थर रोखणाऱ्या फॉस्फेटला पहिले स्थान असते. गोव्यात जांभ्यातून झिरपून विहिरीत उतरणारे पाणी बहुधा मृदू, अल्प क्षारांचे आणि किंचित आम्लधर्मी असते. साबणाला चटकन फेस येतो म्हणून ते बॉयलरला उत्तम, असा समज त्यामुळे रूढ झाला आहे. प्रत्यक्षात असे पाणी थर कमी देते आणि पोलाद अधिक खाते. मी पाहिलेल्या एका लाँड्रीत फॉस्फेटच्या नोंदी वर्षभर चोख भरलेल्या होत्या, पाण्यातला प्राणवायू शोषणाऱ्या सल्फाइटचा रकाना कोरा होता, आणि नळ्यांवर क्षाराचा थर जवळजवळ नसताना त्यांना सुईने टोचल्यासारखी भोके पडलेली होती.

पुढील विवेचन साधारण १० किलो दाबाच्या, एक ते पाच टन क्षमतेच्या, नळ्यांमधून धूर आणि नळ्यांभोवती पाणी अशा रचनेच्या पॅकेज बॉयलरसाठी आहे. वेर्णा, कुंडई, मडकई, कुंकळ्ळी, पिळर्ण अशा वसाहतींत आणि मोठ्या हॉटेलांच्या लाँड्रीत असेच बॉयलर प्रामुख्याने दिसतात. उच्च दाबाच्या बॉयलरचे नियम वेगळे असून त्यांना येथील आकडे लावू नयेत.

आधी पाणी ओळखावे

रसायन खरेदी करण्यापूर्वी पाण्याची तपासणी करून घ्यावी आणि ती वर्षातून किमान दोनदा, एकदा जुलैच्या सुमारास व एकदा मे महिन्यात करावी, कारण गोव्यात एकाच विहिरीचे पाणी या दोन महिन्यांत दोन वेगळ्या विहिरींचे वाटावे इतके बदलू शकते. पावसाळ्यात विहीर भरलेली असताना पाण्यात मुक्त कार्बन डायऑक्साइड असतो, पीएच सहाच्या आसपास येऊ शकतो, आणि विरघळलेले लोखंड पाण्याबरोबर येते. मांडवी आणि जुवारी या दोन्ही नद्या भरतीच्या आहेत. उन्हाळ्यात गोड्या पाण्याचा ओघ घटला की खारे पाणी त्यांच्या पात्रात बरेच आत चढते आणि खाजनांच्या (बांध घालून खाडीतून मिळवलेल्या सखल जमिनींच्या) काठच्या विहिरींत क्लोराइड व कठीणपणा (पाण्याचे जडपण) दोन्ही वाढतात. नळाचे पाणी, मग ते ओपाचे असो, साळावलीचे असो वा अस्नोड्याचे, प्रक्रिया केलेले नदीचे पाणी असते. ते तुलनेने स्थिर असते, परंतु त्यात क्लोरीन असतो. टँकरच्या पाण्याविषयी एवढेच सांगता येते की ते कोठून भरले हे चालकाला विचारावे आणि उत्तर काहीही मिळाले तरी प्रत्येक टँकरचा कठीणपणा व टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) तपासूनच ते टाकीत घ्यावे.

अहवालात पीएच, एकूण कठीणपणा, क्षारता (आम्ल शमवण्याची क्षमता), क्लोराइड, लोखंड, सिलिका आणि टीडीएस हे सात आकडे असलेच पाहिजेत. प्रयोगशाळा पिण्याच्या पाण्याचा ठरावीक नमुना भरून देते आणि त्यात सिलिका अनेकदा नसते. ती मागून घ्यावी.

सॉफ्टनर, मीठ आणि लोखंड

पाणी मृदू असले तरी सॉफ्टनर (रेझिनच्या मण्यांवर कठीणपणा अडवणारे आणि मिठाने पुनर्भरण होणारे यंत्र) लावावाच लागतो, कारण बॉयलरमध्ये पाणी वीस-पंचवीस पट आटते आणि मूळचा वीस पीपीएम (दहा लाख भागांत वीस भाग) कठीणपणाही तिथे शेकड्यांवर जातो. पोलादाची उष्णतावाहकता साधारण ४५ ते ५० असेल तर त्याच एककात कॅल्शियमच्या थराची एक ते दोनच्या आसपास आणि सिलिकायुक्त थराची त्याहूनही कमी असते. म्हणूनच कागदासारखा पातळ थरदेखील नळीचे तापमान वाढवतो आणि इंधन खातो. सॉफ्टनरमधून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा कठीणपणा पाच पीपीएमच्या आत, शक्यतो दोनच्या आत असावा. भारतीय मानक आयएस १०३९२ मध्ये या दाबाच्या बॉयलरच्या फीड पाण्याला (बॉयलरला पुरवल्या जाणाऱ्या पाण्याला) दहापर्यंत मुभा आहे, पण त्या मुभेवर विसंबू नये.

गोव्यातल्या सॉफ्टनरचा खरा शत्रू लोखंड आहे. विरघळलेले लोखंड रेझिनच्या मण्यांत शिरते, तिथे गंजते आणि मग मीठ कितीही वापरले तरी मणी पूर्ववत होत नाहीत. दोन पुनर्भरणांमधले अंतर आठवड्यागणिक कमी होत गेले तर हेच कारण आधी तपासावे. पाण्यात लोखंड ०.३ पीपीएमपेक्षा अधिक असल्यास सॉफ्टनरच्या आधी ते काढावे. नुसते पाणी हवेतून पाडून हे काम जांभ्याच्या पाण्यात नीट होत नाही, कारण पीएच सातच्या खाली असताना लोखंड हवेने फार सावकाश गंजते. म्हणून पाणी हवेतून पाडून मुक्त कार्बन डायऑक्साइड घालवावा, थोडा धुण्याचा सोडा देऊन पीएच सातच्या वर न्यावा किंवा अल्प क्लोरीन द्यावा, मग वाळूच्या फिल्टरमधून गाळावे. क्लोरीन वापरला असेल, किंवा पाणी मुळात नळाचे असेल, तर सॉफ्टनरपूर्वी सक्रिय कोळशाचा फिल्टर ठेवावा, अन्यथा क्लोरीन रेझिनचे आयुष्य कमी करतो. लाल पडलेले रेझिन सोडियम हायड्रोसल्फाइटच्या द्रावणात भिजवून बरेचसे सुधारते.

मिठाविषयी थोडे विषयांतर करावेसे वाटते. आगरवाड्याच्या आणि इतर मिठागरांतल्या मिठाबद्दल मला आपुलकी आहे, घरी लोणच्याला मी तेच वापरतो. परंतु आगराच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार आणि थोडी मातीही असते, आणि ज्या धातूंना रेझिनवरून हुसकून लावायचे तेच मिठातून पुन्हा आत घातल्यास पुनर्भरण अर्धवट राहते. सॉफ्टनरसाठी शुद्ध केलेले औद्योगिक मीठच घ्यावे.

प्राणवायू: रसायनाआधी उष्णता

पाण्यात विरघळलेला प्राणवायू हे खड्डे पडण्याचे मुख्य कारण होय. असा खड्डा ओळखणे सोपे असते: वर लालसर गुठळी, ती खरवडली की आत काळी भुकटी आणि खाली स्वच्छ कडांचा खोल खळगा. गंज संपूर्ण पृष्ठभागावर सारखा पसरला असता तर नळी अनेक वर्षे टिकली असती. प्राणवायू मात्र एकाच जागी खोल जात राहतो आणि बाकीची नळी शाबूत असताना तिला भोक पाडतो.

तीस अंश तापमानाच्या पाण्यात हवेच्या संपर्कात सुमारे ७.५ पीपीएम प्राणवायू मावतो, ऐंशी अंशांना तो सुमारे २.९ आणि नव्वद अंशांना सुमारे १.६ पीपीएमवर येतो. म्हणजे फीड टाकी तापवणे हाच प्राणवायू काढण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. परतणारे कंडेन्सेट (वाफ थंड होऊन झालेले पाणी) टाकीत पाण्याच्या पातळीखाली सोडावे, कमी पडल्यास छिद्रांच्या नळीतून थोडी वाफ द्यावी आणि टाकी ८५ अंशांवर ठेवावी. याहून अधिक तापवायचे असल्यास फीड पंपाच्या तोंडाशी पाण्याची वाफ होऊन पंप हवा खाऊ नये यासाठी टाकी पुरेशी उंचावर आहे की नाही हे पाहून घ्यावे.

उरलेल्या प्राणवायूसाठी सोडियम सल्फाइट वापरावे. एक पीपीएम प्राणवायूला हिशेबाने आठ पीपीएम सल्फाइट लागते, व्यवहारात दहा धरावे. बॉयलरच्या पाण्यात ३० ते ५० पीपीएम शिल्लक राहिले पाहिजे, कारण ती शिल्लक नसेल तर वर दिलेले सल्फाइट पुरले याचा पुरावाच हाती राहत नाही.

एक उदाहरण करून पाहू. दोन टनांचा बॉयलर दिवसाला सोळा तास पूर्ण भाराने चालतो, कंडेन्सेट परत येत नाही, सॉफ्टनरनंतरच्या पाण्याचा टीडीएस १०० आहे आणि बॉयलरमध्ये तो ३००० वर राखायचा आहे. फीड पाणी ८५ अंशांचे असेल तर त्यात प्राणवायू सुमारे २.३ पीपीएम, त्यासाठी सल्फाइट २३, आणि ब्लोडाऊनबरोबर (क्षार वाढू नयेत म्हणून बॉयलरमधून काढून टाकलेल्या पाण्याबरोबर) जाणाऱ्या शिलकीसाठी आणखी दोन, असे २५ पीपीएम धरावे. दिवसाच्या साधारण साडेतेहतीस टन पाण्याला ते ८५० ग्रॅमच्या आत बसते. तेच पाणी तीस अंशांचे असेल तर हिशेब सुमारे ७७ पीपीएमवर, म्हणजे दिवसाला २.६ किलोवर जातो. शिवाय सल्फाइट प्राणवायू पिऊन सल्फेट होते आणि टीडीएस वाढवते: तापवलेल्या पाण्यात ब्लोडाऊन ताशी सुमारे ९० किलो लागत असेल तर थंड पाण्यात ते १३० किलोच्या वर जाते. सल्फाइटची पोती वाचली नाहीत तरी चालेल, पण हे गरम पाणी गटारात ओतणे परवडत नाही.

सल्फाइट फीड टाकीत, पाण्याच्या पातळीखाली द्यावे, म्हणजे बॉयलरपर्यंत पोहोचण्याआधी त्याला प्राणवायूशी संयोग पावायला वेळ मिळतो. फीड पंपाच्या अगदी तोंडाशी दिल्यास तो वेळ मिळत नाही. कोबाल्ट मिसळलेले सल्फाइट थंड पाण्यातही झटपट काम करते. द्रावण झाकणाच्या टाकीत, एका दिवसापुरतेच करावे. उघड्या पिंपात दोन दिवस ठेवलेले सल्फाइट तिथल्याच हवेतला प्राणवायू घेऊन निकामी झालेले असते आणि चालक मात्र रसायन देणाऱ्या पंपाचा स्ट्रोक वाढवत बसतो. आम्लाच्या डब्याशेजारी सल्फाइट ठेवू नये, दोन्ही एकत्र आल्यास सल्फर डायऑक्साइड सुटतो.

हायड्राझीन एकास एक प्रमाणात चालते आणि टीडीएस वाढवत नाही, म्हणून मोठ्या बॉयलरांवर ते पुष्कळ वापरले गेले; परंतु ते कर्करोगजनक असल्याचा संशय असलेले रसायन आहे आणि लहान कारखान्यात, जिथे तेच दोन हात डबा उघडतात आणि चहाही ओततात, त्याला जागा नसावी.

क्षारता: जी इथे आपोआप येत नाही

पोलादावर योग्य पीएचला मॅग्नेटाइटचा काळा, चिवट पापुद्रा बनतो आणि तोच त्याचे रक्षण करतो. यासाठी बॉयलरच्या पाण्याचा पीएच ११ ते १२ दरम्यान, व्यवहारात ११.५ च्या आसपास ठेवावा. घाटावरच्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असते. सॉफ्टनर ते काढत नाही, बॉयलरच्या उष्णतेने त्याचा कॉस्टिक (सोडियम हायड्रॉक्साइड) होतो आणि तिथल्या चालकाचा सगळा प्रयत्न क्षारता कमी ठेवण्याचा असतो. जांभ्याच्या पाण्यात हे बायकार्बोनेट थोडेच असते. त्यातून तिकडच्या सवयीने दर पाळीला घड्याळ पाहून दीर्घ ब्लोडाऊन केला, तर जी थोडी क्षारता साठत होती तीही वाहून जाते. पीएच दहावर घुटमळतो, फॉस्फेट नीट काम करत नाही आणि गेज ग्लासमधले (पातळी दाखवणाऱ्या काचेतले) पाणी विटकरी दिसू लागते. हा रंग दिसला की फॉस्फेट वाढवू नये. पीएच आणि सल्फाइट तपासावे.

ब्लोडाऊन म्हणूनच टीडीएस पाहून करावा. वरील उदाहरणातले सूत्र साधे आहे: वाफेच्या मानाने ब्लोडाऊनचा हिस्सा म्हणजे फीडचा (रसायने धरून) टीडीएस भागिले (बॉयलरची मर्यादा वजा तोच फीडचा टीडीएस). आयएस १०३९२ मध्ये ३५०० ची मर्यादा आहे, ३००० धरून चालावे. त्यानंतरही क्षारता कमी पडली तर कॉस्टिक सोड्याचे सौम्य द्रावण वेगळ्या डोसिंग पंपाने द्यावे. एकूण क्षारता ७०० आणि कॉस्टिक क्षारता ३५० पीपीएमच्या वर जाऊ देऊ नये, कारण अतिरिक्त कॉस्टिक गळक्या जोडांत आणि थराखाली आटून पोलादालाच खाते, शिवाय फेस होऊन पाणी वाफेबरोबर उडते. कॉस्टिक क्षारता काढण्यासाठी फिनॉल्फ्थॅलिन या रंगदर्शकाने आलेले क्षारतेचे मापन दुप्पट करून त्यातून मिथिल ऑरेंजने आलेले मापन वजा करावे.

फॉस्फेट आणि पॉलिमर

सॉफ्टनरमधून सुटलेला उरलासुरला कठीणपणा फॉस्फेट पकडते आणि त्याचा मऊ गाळ करते. पीएच १०.५ च्या वर असेल तरच हे घडते. त्याखाली तेच फॉस्फेट चिकट होते. बॉयलरमध्ये २० ते ४० पीपीएम फॉस्फेट शिल्लक ठेवावे. एक पीपीएम कठीणपणाला साधारण ०.६ पीपीएम फॉस्फेट लागते, आणि बाजारात मिळणाऱ्या स्फटिकरूप ट्रायसोडियम फॉस्फेटमध्ये फॉस्फेटचा अंश पाव हिस्साच असतो. वरच्या बॉयलरला कठीणपणा दोन असेल तर दिवसाला ३५० ग्रॅमच्या आत काम भागते. विक्रेत्याने दोन किलोचा तक्ता दिला असेल तर तो कोणत्या पाण्यासाठी बनवला होता हे नम्रपणे विचारावे.

फॉस्फेट फीड टाकीत टाकू नये, गाळ तिथेच आणि फीड पाइपमध्येच बसतो. ते थेट बॉयलरमध्ये किंवा बॉयलरजवळच्या फीड लाइनवर द्यावे. गाळ तरंगत राहून तळच्या ब्लोडाऊनमधून निघावा यासाठी अॅक्रिलेट पॉलिमर द्यावे. गोव्यात पॉलिमरचे अधिक महत्त्वाचे काम लोखंडाचा गाळ सुटा ठेवणे हे असल्याने लोखंडासाठी बनवलेला सल्फोनेट गटाचा पॉलिमर मागावा. ईडीटीएसारखी कीलेट (धातूंना बांधून विरघळलेले ठेवणारी) रसायने लहान कारखान्याने टाळावीत, कारण मात्रा वाढली की ती मॅग्नेटाइटचा पापुद्राही विरघळवतात.

कंडेन्सेट

बायकार्बोनेट फुटून निघालेला कार्बन डायऑक्साइड वाफेबरोबर जातो आणि वाफ थंड होते तिथे कार्बॉनिक आम्ल बनून पाइपच्या तळाशी नाली कोरतो. पन्नास पीपीएम बायकार्बोनेट क्षारतेतून सुमारे चाळीस पीपीएम कार्बन डायऑक्साइड निघतो. जांभ्याच्या पाण्यात हा त्रास मर्यादित असतो, टँकरवर गेल्यावर वाढतो. उपाय म्हणून मॉर्फोलिन किंवा सायक्लोहेक्झिलअमाइन देऊन कंडेन्सेटचा पीएच ८.५ ते ९ ठेवतात. वाफ अन्नाला लागत असेल तर मात्र हात आखडावा: अमेरिकी अन्नविषयक नियमांत या दोन्ही अमाइनांना वाफेत प्रत्येकी १० पीपीएमची मर्यादा आहे, दूध व दुधाच्या पदार्थांना लागणाऱ्या वाफेत ती चालतच नाहीत, आणि हायड्राझीन तर वाफेत शून्य हवे. काजू वाफवणाऱ्या कारखान्यात वाफ थेट बियांना लागते. तिथे अमाइन न वापरणेच उत्तम. त्या कुकरचे पाणी टरफलाच्या तेलाने माखलेले असते, म्हणून ते फीड टाकीत परत आणू नये. मत्स्यचूर्णाच्या कारखान्यात गळक्या कॉइलमधून माशाचे तेल कंडेन्सेटमध्ये येते, बॉयलर फेसाळतो आणि लोक फेसनाशक शोधत फिरतात, तेव्हा आधी कॉइल शोधावी.

रोजची तपासणी

नमुना कूलरमधून थंड करून घ्यावा आणि सल्फाइटची चाचणी सर्वांत आधी, लगेच करावी, कारण उघड्या चंचुपात्रात ठेवलेला नमुना हवेतूनच प्राणवायू घेतो आणि शिल्लक कमी दाखवतो. सॉफ्टनरचा कठीणपणा दर पाळीला. बॉयलरचा पीएच, टीडीएस, सल्फाइट दिवसातून एकदा. फॉस्फेट, क्षारता आणि कंडेन्सेटचा पीएच आठवड्यातून दोनदा पाहिले तरी पुरेसे आहे. आकडा सरकला तर मात्रा एका वेळी दहावा हिस्सा बदलून पुढच्या दिवशी पाहावे. १ मे २०२५ पासून १९२३ च्या कायद्याच्या जागी नवा बॉयलर अधिनियम लागू झाला असला तरी तपासणीसाठी बॉयलर उघडण्याची वेळ येतेच. कारखाने व बाष्पक निरीक्षणालयाचे अधिकारी येण्यापूर्वी स्वतः विजेरी घेऊन आत पाहावे, पाण्याच्या पातळीलगतच्या नळ्यांची आणि फीड पाणी जिथे आत पडते त्या भागाची छायाचित्रे काढून ठेवावीत, आणि ती मागील वर्षीच्या छायाचित्रांशेजारी ठेवून पाहावीत.

ब्लोडाऊनचे पाणी गरम आणि ११ च्या वर पीएचचे असते. जांभा ते सहज शोषतो आणि शेजारच्या विहिरीपर्यंत नेतो. सोडण्यापूर्वी ते थंड करून पीएच ५.५ ते ९ च्या दरम्यान आणावा. कॉस्टिकचे द्रावण करताना चष्मा व हातमोजे घालावेत, आणि कॉस्टिक पाण्यात थोडे थोडे टाकावे, पाणी कॉस्टिकवर ओतू नये.

पावसाळ्यातला बंद बॉयलर

काजूचा हंगाम संपल्यावर किंवा पर्यटक कमी झाल्यावर बॉयलर बंद ठेवला जातो आणि नेमक्या सर्वांत दमट महिन्यांत अर्धा पाण्याने, अर्धा हवेने भरलेला राहतो. चालत्या बॉयलरला वर्षभरात होणार नाही एवढी इजा त्याला या चार महिन्यांत होऊ शकते.

महिन्याभरात पुन्हा चालवायचा असेल तर तो ओला ठेवावा. सल्फाइट २०० पीपीएम आणि कॉस्टिक क्षारता ४०० पीपीएमपर्यंत वाढवून, थोडा वेळ उकळून रसायने सर्वत्र पसरू द्यावीत, आणि मग वरच्या व्हेंटमधून पाणी येईपर्यंत बॉयलर काठोकाठ भरून सर्व झडपा बंद कराव्यात. दर आठवड्याला सल्फाइट पाहावे. पुन्हा सुरू करताना हे पाणी थेट वाफेला लावू नये, आधी नेहमीच्या पातळीपर्यंत काढून टाकावे.

तीन-चार महिने बंद राहणार असेल तर कोरडा ठेवावा. बॉयलर कोमट असतानाच रिकामा करावा, म्हणजे उरलेली ओल त्याच्याच उष्णतेने सुकते. आत कळीच्या चुन्याचे पसरट ट्रे ठेवावेत, ते अर्धेच भरावेत, कारण चुना ओल शोषून फुगतो, आणि मॅनहोल नव्या गॅस्केटने घट्ट बंद करावे. ट्रे किती ठेवले हा आकडा मॅनहोलच्या झाकणावरच खडूने लिहावा. महिन्याने उघडून ओल शोषून भुकटी झालेला चुना बदलावा. आत उतरायचे असल्यास हवा खेळती करून आणि बाहेर माणूस उभा करूनच उतरावे. धुराच्या बाजूकडेही लक्ष द्यावे: फर्नेस ऑइलच्या काजळीतले गंधक दमट हवेत आम्ल बनते आणि लाकडाची किंवा टरफलाची राख ओल धरून बसते, त्यामुळे नळ्या ब्रशने साफ करून सोड्याच्या पाण्याने धुवाव्यात, पूर्ण सुकवाव्यात, चिमणीचे तोंड झाकावे आणि भट्टीत एक साधा विजेचा दिवा पावसाळाभर पेटता ठेवावा.